कॅरॅव्हॅन ओढताना थांबायचं कुठे? मराठवाड्यातल्या दहा महिन्यांच्या वापरानंतर

एका आसाची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, सामानासह 1,100 किलो. पुढे 2.2 लिटरची डिझेल एसयूव्ही, टाकी 60 लिटर. ऑगस्ट ते मे, संभाजीनगर-बीड-धाराशिव आणि लातूर-नांदेड या रस्त्यांवर वापर. थांबा डिझेलच्या काट्यावर ठरवू नका, कॅरॅव्हॅनच्या चाकांवर ठरवा. डिझेल पुरतं, त्याच्या आधी टायर आणि हब (चाकाचा मधला भाग) तापतात.

मोकळी गाडी लिटरला 14 किमी देते. कॅरॅव्हॅन जोडली की 70-75 च्या वेगाला 9, आणि 90 ला साडेसात. वारा अडवणारा तो सपाट दर्शनी भागच डिझेल खातो, म्हणून सामान कमी करण्यापेक्षा वेग कमी केलेला जास्त लागू पडतो. अर्ध्या टाकीत 270 किमी होतात. तरीही काटा अर्ध्यावर आला की भरा, कारण पुढचा पंप अडचणीचा निघाला तर तो सोडता आला पाहिजे.

अडचणीचा म्हणजे, जिथून रिव्हर्स न घेता बाहेर पडता येत नाही. आत यायला एक आणि जायला दुसरी वाट असेल तरच वळा, आणि ट्रकच्या रांगेत लावा. तिथलं नोझल कधी जाड असतं, गाडीच्या तोंडात बसत नाही. आधी विचारून घ्या. पंपात शिरण्यापूर्वीच सिलिंडरचा कॉक बंद हवा आणि गॅसवरचा फ्रीज विझवलेला हवा. ही सवय एकदाही मोडू नये.

उसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, कारखान्यांजवळचे पंप जोडट्रॉल्यांनी भरलेले असतात. अंधार पडल्यावर कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. आपली लांबी पाहता ओव्हरटेकला जागाही जास्त लागते. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा.

घाटात थांबू नका, घाटाआधी थांबा. धाराशिवकडून बीडला येताना मांजरसुंब्यालाच थांबून घ्या, पुढे उतार आहे. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरतानाही तसंच. कॅरॅव्हॅनचे ओव्हररन ब्रेक मागून ढकल बसली की लागतात, त्यामुळे पुढची गाडी नुसत्या इंजिनावर रोखली तरी उतारभर ते घासत राहतात. खालचा गिअर उतरण्याआधीच टाका. ब्रेक थोडा वेळ पण जोरात दाबा आणि सोडा. पाय टेकवून ठेवला की जळका वास आलाच. खाली पोचल्यावर वीस मिनिटं गाडी उभी ठेवा, चाकावर पाणी ओतू नका.

पहिला थांबा 50 किमीवर, चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) तपासायला. पुढे दर दीड तासाने. लेझर थर्मामीटरने दोन्ही हब मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा 20 अंशांनी जास्त असेल तर बेअरिंग तरी घट्ट आहे किंवा ब्रेक चिकटलाय. टायरच्या तापमानावर जाऊ नका, उन्हाकडचा टायर तसाही जास्त तापतो. मे महिन्यात दुपारी हवा वाढलेली दिसते, ती काढू नका. गार झाल्यावर टायर बसेल, आणि कमी हवेचा टायर वाकून वाकून आणखीच तापतो. हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी तपासायची.

तक्रार एकच, पण मोठी: पाण्याची टाकी आसाच्या मागे दिली आहे. 80 लिटर भरले की 80 किलो शेपटीला, आणि हिचवरचा, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या सांध्यावरचा, भार कमी होतो. तो 60 ते 75 किलो हवा. कमी झाला की ट्रक शेजारून जाताना मागचं धूड डोलायला लागतं. तेव्हा ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. टाकी रिकामी ठेवूनच निघा. एप्रिल-मेमध्ये कित्येक गावं टँकरवर असतात, तिथे टाकी भरून मागणं बरं नाही. घरूनच 20 लिटरचे दोन जार भरून घ्या आणि बरोबर आसावर पट्ट्याने बांधा.