नऊ फणी पेरणी यंत्र: गव्हासाठी चांगलं, पण फणांमधलं अंतर आधी मोजा

ट्रॅक्टरवर चालणारं नऊ फणी बियाणे-खत पेरणी यंत्र गव्हासाठी घेण्यासारखं आहे. बी एकसारख्या 5-6 सेंमी खोलीवर पडतं, खत त्याच फेऱ्यात जातं आणि 35 एचपीचा ट्रॅक्टर ते सहज ओढतो. तक्रार एकच, पण मोठी. बऱ्याच यंत्रांचे फण, म्हणजे जमिनीत ओळ पाडून बी सोडणारे दाते, 22.5 सेंमीवर आवळूनच येतात आणि दुकानदार "गव्हाला हेच चालतं" म्हणून मोकळा होतो. बागायती गहू वेळेवर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा तर दोन ओळींत 20 सेंमी हवेत. उशिरा पेरायचा तर 18.

एवढ्याशा फरकाने काय होतं? हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम धरा. हेक्टरी 100 किलो बियाणं म्हणजे चौरस मीटरला 250 दाणे. 20 सेंमीवर ओळीच्या एका मीटरमध्ये 50 दाणे येतात, 22.5 वर 56. वेळेवरच्या गव्हाला फुटवे भरपूर येतात, त्यात हा फरक बराचसा भरून निघतो. उशिराच्या गव्हाला थंडी कमी मिळते, फुटवे कमी येतात, म्हणून बियाणं 125 किलो लागतं. ते 22.5 वरच टाकलं तर मीटरला 70 दाणे! ओळीत रोपांची ओढाताण होते आणि मधल्या उघड्या पट्ट्यात तण माजतं. तेच बियाणं 18 सेंमीवर पेरलं की पुन्हा 56 दाण्यांवर येतं. नुसतं बियाणं वाढवून भागत नाही ते यामुळे.

अंतर बदलताना मधला फण जागेवर ठेवा, बाकीच्यांचे यू-क्लॅम्प सैल करून ते आत सरकवा. मोजमाप फण बसवलेल्या दांड्यावर नको, फाळाच्या टोकाशी घ्या. फण वाकलेला असेल तर वर बरोबर दिसतो आणि जमिनीत चुकतो. 22.5 वरून 20 वर येताना कडेचे फण दोन्ही बाजूंनी 10-10 सेंमी आत येतात. पुढच्या फेऱ्यासाठी जमिनीवर खूण ओढणारा मार्करही तसा आत घ्यावा लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं. ड्रायव्हरने जुन्या खुणेवर फेरा धरला तर दोन फेऱ्यांमध्ये साडेबेचाळीस सेंमीची मोकळी पट्टी पडते.

दुसरी गोम बियाण्याच्या लिव्हरची, म्हणजे बी किती पडावं ते ठरवणाऱ्या दांडीची. बी चाकाच्या फिरण्यावर पडतं, फणांच्या अंतरावर नाही. लिव्हर तीच ठेवून 20 सेंमीवर आलात की हेक्टरी 100 किलोवर चक्क साडेबारा किलो जास्त जातं. म्हणून नळ्यांखाली पिशव्या बांधा, चाक उचलून हाताने फिरवा आणि पडलेलं बी तोलून तपासा. चाकाचा घेर 1.25 मीटर असेल तर 40 फेऱ्यांत 50 मीटर होतात, 1.8 मीटर रुंदीने 90 चौरस मीटर. तेवढ्यात एकूण 900 ग्रॅम, प्रत्येक नळीखालच्या पिशवीत 100 ग्रॅम बी यायला हवं. एकाच पिशवीत कमी आलं तर आधी ती नळी बघा. फण आत घेतल्यावर प्लास्टिकची नळी लांब पडते, वाकते आणि दाणे वळणावर अडकतात. जादा तुकडा कापून टाका.

18 सेंमीवर मात्र हे यंत्र कुरकुरतं. सोयाबीनचं काड किंवा ढेकळं असतील तर फणांमध्ये गच्च अडकतात. पुढे-मागे दोन दांडे असतील आणि फण आलटून-पालटून बसवले असतील तर एका दांड्यावर 36 सेंमीची वाट मिळते. एकदांडी यंत्रावर 18 चा हट्ट धरू नये. काळ्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येण्याआधी यंत्र घातलं तर फाळाला चिखल चिकटून बी पडायची तोंडं बुजतात, आणि वरून कळतही नाही.

कुणी दाट पेरणीसाठी उभी-आडवी पेरायला सांगेल. एकेरीच पेरा, पुढे कोळपणी करता येते.

घेताना रंग बघू नका, पाना घेऊन जा आणि दोन क्लॅम्प सोडवून बघा. फण वेल्डिंगने पक्के केलेले असतील तर ते यंत्र कितीही स्वस्तात मिळालं तरी गव्हासाठी घेऊ नका.