साधा एमआरआय की फंक्शनल एमआरआय?

सोलापुरात मामांच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म खिडकीशी धरून पाहिली. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ. ती कुठे, केवढी, सूज किती, हे साध्या एमआरआयमध्ये स्वच्छ दिसतं. पण माणूस बोलतो कुठून, ते दिसत नाही.

फंक्शनलमध्ये मामांना मशीनमध्ये पडल्या पडल्या बोटं हलवायला, मनात शब्द जुळवायला सांगितलं. काम करणाऱ्या भागाकडे रक्त वाढतं, तोच भाग पडद्यावर रंगतो. जोडीला डीटीआय, म्हणजे एमआरआयचाच आणखी एक प्रकार, असेल तर मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीवरून मज्जातंतूंच्या वाटाही कळतात. चादरीतल्या उभ्या धाग्यांसारख्या.

गाठ बोलण्याच्या, हातापायांच्या केंद्रापासून लांब असेल तर साधा बहुतेक वेळा पुरतो. जवळ असेल तर मी फंक्शनलबद्दल डॉक्टरांना विचारेनच. मात्र गाठीशेजारी हे रंग फसवू शकतात, म्हणून काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून, बोलतं ठेवून करतात.