प्रीटेन्शन की पोस्टटेन्शन? पुलाचा गर्डर निवडताना

गाळा (दोन खांबांमधलं अंतर) २५ मीटरच्या आत असेल आणि एकाच मापाचे पुष्कळ गर्डर (पुलाच्या तुळया) लागणार असतील, तर फार डोकं चालवू नका, प्रीटेन्शन घ्या. कास्टिंग यार्डात स्ट्रँड (पोलादी तारांचे दोर) आधी ताणायच्या, भोवती काँक्रीट ओतायचं, त्याला पुरेशी ताकद आली की स्ट्रँड सोडायच्या. डक्ट (केबलची नळी), ग्राउट (त्यात भरायचा सिमेंटचा लगदा), अँकरेज (टोकाची पकड) यांची भानगडच नाही. उलट गर्डर रस्त्याने नेण्याइतका आटोपशीर नसेल, किंवा तुकडे जोडून उभा करायचा असेल, तर पोस्टटेन्शनच, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर डक्टमधून ओवलेल्या स्ट्रँडच्या केबल ताणायच्या.

मधल्या गाळ्यांना दोन्ही चालतात. तिथे लोक खर्चाचे तक्ते मांडतात. माझ्या मते आधी बघावं ते हे, की काय तपासता येतं आणि काय कायमचं झाकलं जातं.

पोस्टटेन्शनमध्ये केबल ताणणं हीच एक चाचणी असते. १८६० मेगापास्कल ताकदीची स्ट्रँड त्या ताकदीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ताणली, तर ३० मीटर लांबीत घर्षण सोडून साधारण २१५ मिलिमीटर वाढ यायला हवी. जॅकचा दाब भरला आणि वाढ कमी आली, तर डक्ट दबलाय, आत स्लरी (काँक्रीटमधलं सिमेंटचं पाणी) शिरलीय किंवा घर्षण धरल्यापेक्षा जास्त आहे. टोकाला केबल धरणारी पाचर बसताना केबल काही मिलिमीटर मागे सरकते, ते वेगळं. लांब केबलला त्याचं फारसं काही नाही, पण १० मीटरच्या केबलची एकूण वाढच ७० मिलिमीटरच्या आसपास, त्यातून हे सरकणं मोठा वाटा खातं. आखूड गर्डरला पोस्टटेन्शन परवडत नाही त्याचं हेही एक कारण.

प्रीटेन्शनची दुखरी जागा म्हणजे टोकं. ताण केवळ पकडीतून काँक्रीटमध्ये उतरतो, आणि त्यासाठी अमेरिकेच्या आश्टो (तिथल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) नियमांत स्ट्रँडच्या व्यासाच्या ६० पट लांबी धरतात. १५.२ मिलिमीटरच्या स्ट्रँडला ती ०.९ मीटर होते. तेवढ्या पट्ट्यात पूर्वताण (ताणलेल्या स्ट्रँडचा काँक्रीटवरचा दाब) अपुरा, आणि कातरबल (गर्डर कापू पाहणारं बल) सगळ्यात जास्त तिथेच. म्हणून टोकाला स्टिरप (सळ्यांचे वेढे) दाट हवेत. शिवाय स्ट्रँड सोडताना टोकाला तडे जाऊ नयेत म्हणून काही स्ट्रँड नळ्या घालून सुट्या ठेवायच्या किंवा वर वळवायच्या. तडे गेलेच तर निदान डोळ्यांना दिसतात.

पोस्टटेन्शनमधल्या ग्राउटचं तसं नाही, तो डक्टमध्ये कायमचा झाकला जातो. वेल्समधला इनिस-अ-ग्वास पूल १९८५ साली कोसळला तो तुकड्यांच्या सांध्यांपाशी केबल गंजल्यामुळे, आणि आधी कसलीच सूचना मिळाली नव्हती. ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या केबलचे नवे पूल काही काळ थांबवले, त्यामागे हीच धास्ती.

आतल्या केबल शाबूत आहेत का हे कळायला भारचाचणीवर विसंबू नका. गर्डरला तडा गेलेला नसतो तोवर खाली वाकणं काँक्रीटच्या काटछेदाच्या आकारावर ठरतं, चारदोन तारा तुटल्याचा त्यात पत्ताही लागत नाही. उरलेला ताण शोधायचा तर गर्डरला तडा पाडावा लागतो, भार उतरवून पुन्हा चढवावा लागतो आणि तडा कोणत्या भाराला उघडतो ते पाहावं लागतं. वापरातल्या पुलावर असं कोण करू देणार? फिलाडेल्फियाच्या वॉलनट लेन पुलासाठी १९४९ साली पूर्ण आकाराचा पोस्टटेन्शन गर्डर मोडेपर्यंत तपासला, तो मुद्दाम वेगळा ओतलेला होता.

त्यामुळे मधल्या गाळ्यात माझं मत प्रीटेन्शनला. पोस्टटेन्शन घेणं भागच असेल, तर ग्राउटिंगवर स्वतंत्र देखरेख आणि डक्टच्या उंच टोकांना हवा जायची सोय आधी करारात लिहून घ्या, मग दराकडे वळा.