नवी म्हणून गळ्यात मारलेली ट्रिपल लेयर वायर

२,०८,३२० रुपये. आकडा लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो, कारण मला जुनी वायर नवी म्हणून विकणारा माणूस अजून मिलवाल्यांना फोन फिरवतोय.

जळगावजवळ आमची छोटी क्राफ्ट मिल आहे, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद बनवणारी. वायर म्हणजे कागदाच्या मशीनवरची जाळी, जिच्यावर लगद्यातलं पाणी निथळून कागद धरतो; ट्रिपल लेयर म्हणजे तीन थरांची. त्या माणसाचा फोन आला: "बंद मिलचा सरप्लस माल, सील न फोडलेली ट्रिपल लेयर, ३.१ बाय २४ मीटर, २,८०० रुपये चौरस मीटर." भाव फार कमी आहे हे मला कळत होतं. पण मशीनवरची वायर कडेनं उसवत होती, रावेरकडच्या केळीच्या खोक्यांची ऑर्डर डोक्यावर होती आणि नवीला दीड महिना लागणार होता. तुम्ही काय केलं असतं? १,५०,००० आगाऊ दिले, ५८,३२० बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. बिल्टीवर पैसे सोडू नका, माल मोजून सोडा.

रोल उन्हात उघडला आणि खालची, मशीनच्या रोलांवर घासणारी बाजू चकाकली. तिथेच थांबायला हवं होतं. कोऱ्या वायरचा धागा गोल असतो. इथे प्रत्येक धाग्याचा माथा चपटा झालेला. आमचा जुना मशीनमन बोट फिरवून म्हणाला, "भाऊ, हाई वायर वापरेल शे." मी त्यालाच गप्प केलं. कागदाकडची बारीक जाळी धुऊन इतकी लख्ख केली होती की मी तेवढीच बघत राहिलो. वायर खालून झिजते हे मला वीस वर्षं माहीत आहे! मायक्रोमीटर ड्रॉवरमध्येच होता. विकणाऱ्यानं दिलेल्या कागदपत्रात जाडी ०.९५ मिलिमीटर. नवव्या दिवशी जोडाजवळ फाटली, तेव्हा मोजली तर ०.७८.

आधी पाठवलेला नमुन्याचा तुकडा मात्र अगदी कोरा होता, दुसऱ्याच वायरचा. नमुन्यावर जाऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "माल मिळाला ना? मग दिवाणी मामला आहे." बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगात जावं तर वकील सांगतो, धंद्यासाठी घेतलेला माल, कायद्यानं तुम्ही ग्राहकच नाही. मग मी आहे तरी कोण? त्याचा खाते नंबर अर्जात लिहिलाय, मोबाइल नंबर लिहिलाय, नंबर आजही चालू आहे. समोर बसून एक फोन लावा म्हटलं, तर साहेब जेवायला गेले. लेखी पोच अजून मिळालेली नाही.

वायरचा अनुक्रमांक आधी मागा आणि बनवणाऱ्या कंपनीला विचारा, ही कोणाला विकली होती. आमच्या वायरची कड नव्यानं कापून सील केलेली होती, नंबर कुठेच नव्हता.

परवा त्यानं धुळ्याच्या एका मिलला हाच माल सांगितला. त्यांना मी खालच्या बाजूचे फोटो पाठवलेत. आणखी कोणाला हवे असतील तर मागा, लगेच पाठवतो.