बालीच्या बाटूर ज्वालामुखीवर क्वाड बाईक: धुळ्याच्या पाच जणांचा अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण बुक करताना मला ती कोणी सांगितली नव्हती. ही क्वाड बाईक, म्हणजे चार चाकांची उघडी गाडी, ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जात नाही. जाहिरातीच्या फोटोत पुढे गाडी, मागे डोंगर, वर धुरासारखं काहीतरी असं दाखवतात आणि आपल्याला वाटतं की आता थेट वर जाऊन आत डोकावणार. तसं काही नाही भो. माथ्यावर जायचं तर पायीच, दोनेक तासांची चढण, तीही रात्री बॅटरी घेऊन, आणि तिकडे वर वाफेवर अंडी उकडून देतात ते वेगळं. क्वाड फिरते ती डोंगराच्या पायथ्याला आणि खालच्या अंगावर, जिथे जुना लाव्हा वाहत येऊन थिजलाय त्या काळ्या पट्ट्यात. मला पहिली दहा मिनिटं फसल्यासारखं वाटलं, नंतर नाही वाटलं, ते का ते पुढे लिहितो.

आम्ही पाच जण होतो, मी, बायको, नववीतला पोरगा, मामा आणि मामी. मामांची शेती धुळ्याजवळच्या लळिंगच्या अलीकडे, वय एकसष्ट, ट्रॅक्टर रोजचा, त्यामुळे चार चाकाची कोणतीही गोष्ट आपल्याला येते असा त्यांचा ठाम समज. मामींना मुळात विमानात बसायचं नव्हतं, त्या कशा तयार झाल्या तो वेगळा विषय आहे. मुंबई, बंगलोर आणि मग बाली असे गेलो. उतरल्यावर व्हिसाचे डोक्यामागे पाच लाख रुपिया आणि वर टुरिस्ट लोकांचा दीड लाखाचा कर. लाख ऐकून मामींनी पर्स घट्ट धरली, पण तिकडचे साधारण १८५-१९० रुपिया म्हणजे आपला एक रुपया, तेवढा हिशोब डोक्यात बसला की बीपी खाली येतं.

टूरचे आम्ही डोक्यामागे साडेसात लाख रुपिया दिले, म्हणजे आपले चार हजारांच्या आसपास, त्यात उबुदच्या हॉटेलवरून नेणं-आणणं, गाडी, गाईड, नाश्ता. हॉटेलवरून नेणं-आणणं त्यात आहे हे आधीच मेसेजवर लिहून घ्या, आमच्या शेजारच्या रूममधल्या नाशिकच्या जोडप्याला दुसऱ्या कंपनीने त्याचे वेगळे लावले होते. पिकअप पहाटे चारला. आपल्यापेक्षा तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे आपल्या पोटाच्या हिशोबाने रात्रीचा दीड. पोरगा गाडीत बसल्याबसल्या झोपला तो थेट बाटूरसमोरच्या किंतामणीला उठला.

आणि थंडी! बाली म्हणजे समुद्र, घाम, हाफ पँट असं डोक्यात होतं, पण किंतामणीचा कडा दीड हजार मीटरच्या आसपास आहे, आपल्या तोरणमाळपेक्षा वर, आणि पहाटे तिथे जानेवारीतल्या धुळ्यासारखं गार वारं सुटलेलं. स्वेटर एकट्या मामींनी आणला होता, सगळे त्यांना हसले होते, त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघत होत्या आमच्याकडे.

उजाडलं तेव्हा समोर जे दिसलं त्याचं वर्णन मला नीट जमणार नाही. मोठ्या परातीत मधोमध भाताची मूद ठेवावी आणि एका कडेला आमटी सांडलेली असावी तसं. परात म्हणजे जुन्या, फार मोठ्या ज्वालामुखीचा खचलेला खड्डा, सुमारे १३ किलोमीटर लांब आणि १० रुंद, आमटी म्हणजे बाटूरचं तळं, आणि मूद म्हणजे आत्ताचा बाटूर, १७१७ मीटर. मागे अगुंग डोंगर, तो तीन हजार मीटरच्या वर. म्हणजे आपण उभे असतो तो कडाच मुळात ज्वालामुखीचा काठ, हे कळायला मला गाईड लागला.

गाईडबद्दल सांगतो, कारण खरे पैसे तिथेच वसूल झाले. बालीत पोरांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात, पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत. आमचा गाईड घरातला चौथा, तेव्हा नाव तुम्हीच ओळखा. इंग्लिश मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे झकास जमलं. निघायच्या आधी त्याने प्रत्येक गाडीच्या हँडलवर नारळाच्या पानाची छोटी परडी ठेवली, त्यात फुलं आणि उदबत्ती. मामींना एकदम बरं वाटलं, त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढून गाडीला बोट लावलं, गाईडनेही हात जोडले. दसऱ्याला ट्रॅक्टरला करतो तसंच की.

आता गाडी. ऑटोमॅटिक असते, क्लच-गिअरची भानगड नाही, उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा की पळते, सोडला की मंदावते. स्कूटरसारखं मूठ पिळायचं नाही. ऐकायला सोपं आहे पण अर्ध्या तासात अंगठा असा दुखतो की विचारू नका, बायकोचा दुसऱ्या दिवशी सुजला होता, तिला चहाचा कप धरता येईना. आणि वळण. दुचाकीवाल्यांना वाटतं बाईक आहे, कारवाल्यांना वाटतं कार आहे, दोन्ही नाही. मागच्या दोन्ही चाकांना एकच सरळ दांडा, त्यामुळे वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि गाडी हट्टी बैलासारखी सरळच ओढते, म्हणून वेग कमी करून, आतल्या बाजूला अंग झोकून वळवायची. मामांना हे दोन मिनिटांत कळलं. "डिफरन्शियल लॉक लावेल ट्रॅक्टरना मायक शे," अहिराणीत म्हणाले, आणि खरंच तसंच आहे, तो लॉक लावला की ट्रॅक्टरचीही मागची दोन्ही चाकं सारखीच फिरतात. मला कळायला एक झुडूप लागलं.

आमच्याकडे तीन गाड्या. मी आणि पोरगा एकीवर, बायको एकटी, मामा-मामी तिसरीवर. पोराला चौदाव्या वर्षी चालवू दिली नाही, तो रुसला, पण बरोबर केलं त्यांनी. इथेच माझी मोठी तक्रार आहे. बायकोच्या गाडीचा ब्रेक नुसता नावाला होता. सपाटीला कळलं नाही, पहिल्या उताराला ती दाबतेय आणि गाडी आपली चाललीय, शेवटी वाळूच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. लागलं काही नाही, पण घाबरली खूप. गाईडने ताबडतोब स्वतःची गाडी तिला दिली आणि तिची स्वतः घेतली, त्यात त्याचा मोठेपणा, पण सकाळी गाडी बाहेर काढताना कंपनीने ब्रेक बघायला नको? कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा गाड्या तिकडे कोणाकडेही निघू शकतात. तुम्ही एकच करा, निघायच्या आधी अंगणातच गाडी थोडी पळवून ब्रेक दाबून बघा, लाजू नका, मागे चार गोरे उभे असले तरी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद वाचा, आमच्या पॉलिसीत असल्या गाडीवरचा अपघात बसतच नव्हता, हे मला परत आल्यावर कळलं. हेल्मेटला मागच्या माणसाच्या घामाचा वास येत होता, एक साधा रुमाल डोक्याला बांधून मग घाला.

वाट सुरुवातीला शेतातून जाते, कांदा, कोबी, टोमॅटो, सगळं काळ्याभोर भुसभुशीत मातीत. मग वाळूचे ट्रक लागले. ज्वालामुखीची वाळू काढून नेतात बांधकामाला. मामांनी गाडी थांबवली, "आठे बी वाळूना डंपर!" आणि इतका वेळ हसत राहिले की मामी खाली उतरल्या. त्या उतरल्या त्या परत मामांच्या मागे बसल्याच नाहीत, म्हणाल्या यांना वाटतंय नांगरणी चाललीय, माझ्या कमरेचा विचार कोणी करत नाही. उरलेली सगळी वाट गाईडच्या मागे बसून, पदर खोचून, एकदम राणीसारख्या. ब्रेक नसलेली गाडी ती हीच, हे आम्ही त्यांना हॉटेलवर सांगितलं. कमरेचा, मणक्याचा त्रास असेल त्यांनी डबल सीटवर मागे बसूच नका, मागच्याला धक्के जास्त बसतात.

मग काळा लाव्हा येतो आणि तिथे गाडी बंद केल्यावर जी शांतता होते, त्यासाठी जा. मैलभर नुसते काळे, धारदार, ओबडधोबड दगड, एकावर एक, जणू कोणी अख्खं शेत डांबराने नांगरून ठेवलंय. असल्या खडबडीत लाव्ह्याला 'आआ' म्हणतात, शब्द हवाई बेटांवरचा आहे, पण अनवाणी चालून बघा, मराठीतही तोच शब्द निघेल. गाईडने आम्हाला उभं करून दाखवलं, हा इकडचा १९६३ चा, तो तिकडचा ७४ चा, मध्ये ६८ चा. मला तर सगळे सारखेच काळे. तो म्हणाला झाडांकडे बघा. जुन्यावर नेचे, गवत, बारकी झुडपं उगवलीत, दगडावर पांढरट बुरशीसारखं धरलंय, नव्यावर जवळजवळ काहीच नाही. एकदा सांगितल्यावर मग दिसायलाच लागतं, एका दगडावर हात ठेवून पुढच्याच्या तिथे सरकलं की वय बदलतं. ही गोष्ट एकटं गाडी पळवणाऱ्याला कधीच दिसणार नाही, आणि आमच्या पुढून तसे दोनतीन ग्रुप धुरळा उडवत गेले, फोटो काढले, गेले.

मग त्याने जुन्या बाटूर गावाचं सांगितलं. गाव आधी या परातीच्या तळाशी, डोंगराच्या पायथ्याला होतं. १९१७ ला मोठा उद्रेक झाला, लोक तरीही तिथेच राहिले. १९२६ ला परत लाव्हा आला आणि गाव गाडलं गेलं. मग लोक वर कड्यावर आले आणि देऊळही वर आणलं, तेच आज किंतामणीत रस्त्यावर दिसणारं उलुन दानू बाटूरचं मोठं देऊळ, तळ्याच्या देवीचं. हे ऐकून मामी गप्प झाल्या. त्यांचं माहेर धरणात गेलेलं. देव आधी हलवले होते, मग घरं, एवढंच म्हणाल्या. गाईडला मी ते कसंबसं सांगितलं, त्याने मान डोलावली.

मामा तोवर खाली बसून दगड उलटा-पालटा करत होते. भोकं-भोकं असलेला, हलका. त्यांनी आयुष्यात दोन विहिरी खणल्यात, काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय काम होत नाही हे त्यांना पाठ. मला म्हणाले, "भाचा, हाऊ दगड ते आपला लळिंगना शे." मी हसणार होतो पण ते बरोबरच आहे. आपला अख्खा खान्देश लाव्ह्यावरच बसलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, फक्त आपल्याकडे असा टोकदार डोंगर होऊन नाही आला, जमिनीला लांबलांब भेगा पडून त्यातून पसरत गेला, थरावर थर. नंदुरबार, साक्री, धुळ्याकडे माळावर दगडी भिंतीसारख्या सरळ रेषा दिसतात ना, कोणी बांधल्यासारख्या, त्या म्हणजे त्या भेगांतच थिजलेला रस, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि त्या उभ्या राहिल्या. आणि कपाशीची काळी जमीन त्याच दगडाची झालेली. शाळेत हे सगळं वाचलं होतं, परीक्षेपुरतं. ताजा दगड हातात घेतल्यावर आणि समोर त्यावर पहिलं गवत उगवताना बघितल्यावर ते डोक्यात शिरलं. मामांनी तो दगड खिशात टाकला होता, गाईडने हसत हसत परत ठेवायला लावला, दगड न्यायचा नसतो म्हणाला.

बाकीचं पटकन. 'दोन तासांची टूर' यात बूट घालणं, शिकवणं, नाश्ता सगळं धरलेलं, खरी गाडी चालते तास-सव्वा तास. नाश्त्याला केळ्याचा पॅनकेक देतात आणि फार कौतुकाने देतात, माझी सासुरवाडी केळ्यांच्या रावेरची, बायकोने तो पॅनकेक ज्या नजरेने बघितला ते तुम्ही समजू शकता. किंतामणीची कॉफी मात्र घ्याच, थोडी संत्र्यासारखी आंबट लागते, तिकडे संत्र्याच्या बागा पण भरपूर. शाकाहारी लोकांनी लाल चटणी विचारून खा, त्यात बऱ्याचदा आंबवलेल्या कोळंबीचा तेरासी असतो, दिसत नाही. आम्ही ठेचा नेला होता, सुटलो. फोटो त्यांचा माणूस काढतो आणि शेवटी सगळ्यांचे मिळून दोन लाख रुपिया मागतो, घ्यायची सक्ती नाही, पण मामींचा तो पदर खोचलेला फोटो बघून मी मुकाट्याने दिले. तळ्याकाठी तोया बुंगकाहला गरम पाण्याचे झरे आहेत, तिकीट वेगळं, धूळ धुवायला बरं, आपल्या उनपदेवला गेलेल्यांना फार नवल वाटणार नाही. जायचं तर एप्रिल ते ऑक्टोबरात, तेव्हा पाऊस कमी असतो, पण धूळ उडते, तोंडाला बांधायला उपरणं न्या.

गाईडला पाचपैकी पाच, वाटेला साडेचार, गाडीला तीन, ब्रेकचे मार्क मी देत नाही. नुसती गाडी पळवायची हौस असेल तर चार हजार जास्त आहेत, ती हौस इकडे शेतातही भागते. बुक करताना फक्त एवढं विचारा की गाईड मध्ये थांबतो का, किती ठिकाणी, आणि ग्रुप किती जणांचा. आमचा पाच जणांचाच होता म्हणून तो बोलला, पंधरा जणांत कोणी बोलत नाही.

परत येऊन महिना झाला, बुटांतली काळी वाळू अजून गॅलरीत निघतेय. बायको म्हणाली मामांकडे न्या आणि शेतात टाका, दगड नाही तर वाळू तरी आली म्हणावं. मामांना फोन केला तर म्हणाले, "काय करू आनीसन, आमनाकडे बठ्ठी तीच शे."