रोजचा धूप आणि बारा सरदारांचं अर्पण

प्राचीन इस्राएलात धूप दोन वाटांनी पवित्र मंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, पोचत असे.

पहिली वाट रोजची. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात तिचा तपशील आहे: बाभळीच्या लाकडाची, सोन्यानं मढवलेली, हातभर लांबरुंद आणि दोन हात उंच वेदी. मुख्य याजक अहरोन सकाळी दिवे साफ करताना आणि संध्याकाळी ते लावताना तिच्यावर धूप जाळी. मिश्रण ठरलेलं: तीन सुगंधी द्रव्यं आणि शुद्ध लोबान, समभाग, वर मीठ. पैकी हेल्बना नावाचा डिंक एकटा जाळला तर वास चांगलाच उग्र! हाच धूप कुणी हौसेखातर घरी केला, तर त्याला समाजातून तोडलं जाई.

दुसरी वाट एकदाचीच, वेदीच्या समर्पणाची (बायबलमधलंच गणना हे पुस्तक, अध्याय 7). बारा दिवस, रोज एका वंशाचा सरदार. यहूदा वंशाच्या नहशोनानं सुरुवात केली: 130 शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदीचं ताट, 70 शेकेलांचा कटोरा, धुपानं भरलेलं 10 शेकेल सोन्याचं पात्र, शिवाय बैल, मेंढे, बोकड. बाकी अकरांनी हुबेहूब तेच आणलं, आणि लिहिणाऱ्यानं तीच यादी बारा वेळा लिहिली. वाचताना कंटाळा येतो खरा, पण त्यामुळे कुणाचंच अर्पण ‘वगैरे’त गेलं नाही.

मला मात्र रोजचा धूपच जास्त ओढतो.