शाळेच्या पोरांसाठी सी प्रोग्रामिंगचा क्लास, लातूर
आमची पोरगी नववीत आहे, औसा रोडवरच्या क्लासला सी शिकायली. सरांचे सराव प्रश्न लै भारी आहेत, नुसतं हॅलो वर्ल्ड (स्क्रीनवर दोन शब्द दाखवायचा पहिला सोपा प्रोग्राम) छापून पुढं पळत नाहीत. लीप वर्ष ओळखायच्या प्रोग्रामचंच बघा, 4 नं भाग गेला की झालं असं पोरं लिहितात, मग सर 1900 टाकायला लावतात, ते लीप नव्हतं अन् 2000 होतं, तर 100 नं भाग गेला की लीप नाही पण 400 नं गेला की लीप, ही अट पोरांनीच शोधून घालायची. सी मध्ये 5 भागिले 2 चं उत्तर 2 च का येतं, हेपण असंच, त्यातून इंट (पूर्ण संख्या) अन् फ्लोट (दशांश संख्या) पक्कं झालं. कॉम्प्युटर मात्र कमी आहेत, वाढवायला पाहिजेत. लाईट गेली तर वहीत ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम हातानं चालवून बघायचा, ओळीओळीला व्हेरिएबलची (किंमत साठवायच्या नावाची)  किंमत लिहायची, मला तर तेच जास्त आवडलं.